पाच स्क्रू

२०१८ च्या जुलैत वसईत पाणी भरलं, तेव्हा आमचा फ्रिज खालीच राहिला आणि मी पत्र्याची एक ट्रंक डोक्यावर घेऊन माळ्यावर चढलो. बायको अजूनही पाहुण्यांसमोर तो विषय काढते. ट्रंकेत दागिने नव्हते, सातबाराही नव्हता. आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम होता. ४८ केबीचा, खोडरबरासारख्या बटणांचा.

पप्पांनी तो १९८६ च्या मे महिन्यात कुवेतहून आणला. आमच्या आळीतले बरेच बापे तेव्हा आखातात होते. सुट्टीवर येताना कुणी टेपरेकॉर्डर आणी, कुणी अत्तराच्या बाटल्या. पप्पा इलेक्ट्रिशियन, त्यांनी हे आणलं. विमानतळावर कस्टमच्या साहेबाने ‘हे काय?’ विचारलं, तर ‘मुलाचा टाइपरायटर’ म्हणून मोकळे झाले.

क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने हा संगणक एप्रिल १९८२ मध्ये इंग्लंडात काढला. १६ केबीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ ला. स्वस्त पडावा म्हणून पडदा दिलाच नाही, घरचा टीव्ही लावायचा. डिस्क नाही, गाण्यांच्या कॅसेटवर प्रोग्रॅम साठवायचे. आपल्याकडे डेसिबेल्स कंपनीने पुढे तो परवान्यावर ‘डीबी स्पेक्ट्रम+’ नावाने विकला. सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून १९८४ पासून काही शाळांत बीबीसी मायक्रो जात होते, पण आमच्या शाळेपर्यंत काही पोचले नाहीत.

अडचण एकच होती. हा संगणक टीव्हीच्या यूएचएफ पट्ट्यात दिसायचा आणि आमच्या टीव्हीला यूएचएफ नव्हतं. शेजारच्या अंकलच्या आखाती रंगीत टीव्हीला होतं. त्यामुळे माझं संगणकशिक्षण रविवारी मिस्सा आटोपल्यावर, अंकलच्या ओटीवर, अख्ख्या आळीसमोर झालं. ‘जे’ दाबलं की पडद्यावर ‘लोड’ असा पूर्ण शब्द उमटे. मग कॅसेट सुरू करायची. टीव्हीच्या कडांना निळे-पिवळे पट्टे धावू लागत आणि टेपमधून असा काही चित्कार निघे की अंकलचा कुत्रा थेट बावखलापर्यंत, म्हणजे आळीच्या तळ्यापर्यंत, पळे. मोठा खेळ यायला पाच मिनिटं लागत. तेवढा वेळ कुणी जागचं हलायचं नाही, असा आमचा नियम होता; का, ते विचारू नका. शेवटी बहुतेकदा ‘आर टेप लोडिंग एरर’. मग टेपच्या हेडचा बारीक स्क्रू पाव फेरा फिरवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

आजीच्या मोगऱ्याच्या हिशेबासाठी मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. दादरला किती फुलं गेली, काय भाव मिळाला, गाडीभाडं वजा जाता किती उरले. मी टीव्ही लावून, कॅसेट मागेपुढे करून तो चढवीपर्यंत आजीने बोटांच्या पेरांवर उत्तर काढलेलं असे. दोन्ही उत्तरं जुळली की ती म्हणे, ‘बरोबर आहे तुझं मशीन.’

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं. हजारो भारतीयांसारखे पप्पा वाळवंटातून जॉर्डनला पोचले आणि अम्मानहून विमानाने मुंबईला परतले. हातात एकच पिशवी. बाकी सगळं तिथेच राहिलं. आखातातल्या त्यांच्या वर्षांपैकी आमच्याकडे उरलं ते आधी आणलेलं तेवढंच: एक मनगटी घड्याळ, दोन ब्लँकेटं आणि स्पेक्ट्रम.

आणि तोच मी पुढच्या वर्षी जाळला. मूळ अ‍ॅडॉप्टर गेला होता म्हणून बाजारातून नऊ व्होल्टचा दुसरा आणला. स्पेक्ट्रमच्या पिनेत मधे उणे असतं, नेहमीच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये मधे अधिक. मला ठाऊक नव्हतं. वास आला, पडदा मेला. पप्पा ओरडले नाहीत. त्यांनी संगणक उलटा केला, खालचे पाच स्क्रू काढले आणि मला म्हणाले, ‘आत बघ, काय काय ओळखू येतं ते सांग.’

मग आम्ही दोघं माणिकपूरला टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी संगणक जन्मात उघडला नव्हता. सर्किटचा नकाशाही नव्हता. पण प्रत्येक सुटा भाग डोळ्यांना दिसत होता, त्यावर नंबर छापलेला होता. मीटर लावत लावत त्यांनी एक जळका ट्रान्झिस्टर पकडला, मग ओळीने बसलेल्या आठ मेमरी चिपांपैकी दोन. लॅमिंग्टन रोडवरून ते भाग आणायला मला महिना लागला. संगणक सुरू झाला. दुरुस्तीची ही सवय मला तिथून लागली, आणि लोक जिला भक्ती म्हणतात ती खरं तर हीच सवय आहे.

खेळांसाठी म्हणाल तर तेवढं प्रेम नाही. मॅथ्यू स्मिथचा १९८३ चा ‘मॅनिक मायनर’ आता माझ्या मोबाइलवरही चालतो आणि खरं सांगतो, विसाव्या मिनिटाला कंटाळा येतो.

माझी तक्रार वेगळी आहे. लॉकडाऊनमध्ये भाचीच्या ऑनलाइन शाळेसाठी टॅब घेतला. अडीच वर्षांत बॅटरी फुगली. दुकानदाराने तो उघडायलाच नकार दिला: सगळं गोंदाने चिकटवलंय, काच फुटेल, नवीन घ्या. भाची बारा वर्षांची होती. तिने विचारलं, आत काय असतं? दाखवायची सोय नव्हती.

आजच्या टॅबमधली चिप माणिकपूरच्या काकांनी डाग देऊन बदलावी, असं मी म्हणत नाही. तो काळ गेला, ते मलाही कळतं. पण बॅटरीला गोंदाऐवजी स्क्रू लावायला आणि आतला नकाशा छापायला कुठलं विज्ञान आड येतं? वापरणाऱ्याला बॅटरी स्वतः काढता-घालता आली पाहिजे, असा नियम युरोपीय संघाने केला आणि त्यासाठी फेब्रुवारी २०२७ ही मुदत घातली. आपल्या केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल उघडलं. चांगलं केलं, पण पोर्टल ही सोय झाली, सक्ती नव्हे. निदान मुलांच्या शिक्षणासाठी सरकार स्वतःच्या पैशाने जी यंत्रं विकत घेतं, त्यांच्या निविदेत तरी एक अट घालावी: साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडत नसेल तर घेणार नाही. एवढी एक ओळ.

वसईची खारी हवा कुणाला सोडत नाही. माझ्या स्पेक्ट्रमच्या बटणांखालची प्लास्टिकची पट्टी कडक होऊन दोनदा तुटली. दोन्ही वेळा नवी मिळाली, कारण जगात काही हौशी माणसं ती आजही बनवतात. पप्पा आता नाहीत. भाचीने गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पट्टी स्वतः बसवली.

तुमच्या माळ्यावरही असं काही पडलेलं असेल. आखातातून आलेलं, चादरीत गुंडाळलेलं. भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधी एकदा उलटं करून बघा. खाली स्क्रू दिसले तर घरातल्या पोराला हाक मारा आणि स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात द्या.