सोयाबीनची रास झाली की नेपाळ

जळकोट भागात श्रावणातली पोथी संपली, बायका ओसरीवर टेकल्या की एक विषय हमखास निघतो : यंदा नेपाळ करायचं का? काशी झालेली असते, रामेश्वर झालेलं असतं, कुणाकुणाचं चारधामही झालेलं असतं. नेपाळ राहिलेलं असतं. पशुपतिनाथाची ओढ असते, परमुलखाची थोडी धास्तीही असते. देवघरातला शाळिग्राम ज्या गंडकीच्या पात्रातून आला ती नदी एकदा बघावी, असं एखादी आजी बोलून जाते आणि मग बोलणं वाढतच जातं.

माझ्या मते सहल तिथंच सुरू झालेली असते. पुढं होतं ते मात्र मला पटत नाही. कुणीतरी एजंटाचं पत्रक आणतो, घरातला कर्ता माणूस आगाऊ रक्कम भरतो आणि ज्यांनी हा विषय काढला त्यांना फक्त निघायची तारीख कळते. कुठं किती दिवस थांबायचं, काय बघायचं, काय सोडायचं, हे सगळं तिऱ्हाइतानं ठरवलेलं असतं. आयुष्यात बहुधा एकदाच घडणाऱ्या प्रवासाचं ठरवणं असं दुसऱ्याच्या हाती देऊ नये. दोन-तीन महिने घरात त्याचीच चर्चा व्हावी, वाद व्हावेत, नकाशा भिंतीवर लागावा. ते दिवससुद्धा सहलीचेच असतात आणि त्यांना पैसा लागत नाही.

आपल्याकडच्या शेतकरी घराला सवड मिळते ती पिकामुळे. सोयाबीन ऑक्टोबरात निघतं, रास होते, माल उदगीरला नाहीतर लातूरला आडतीवर जातो, पट्टी हातात पडते. हरभरा पेरून झाला की तूर काढणीला येईपर्यंत काही दिवस मोकळे सापडतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत म्हणा. नेपाळ बघायचा उत्तम काळ नेमका हाच. पाऊस सरलेला असतो, हवा धुतलेली असते आणि सकाळी हिमालयाच्या रांगा लख्ख दिसतात. आपल्या दसऱ्याला तिकडं दशैं आणि दिवाळीला तिहार असतो. तेव्हा अख्खं काठमांडू गावाकडं निघतं आणि गाड्यांना पाय ठेवायला जागा राहत नाही. नोव्हेंबरच्या मध्याला ती गर्दीही ओसरलेली असते. डोंगराळ, कोरडवाहू जळकोटचं वर्ष आणि हिमालयाचं वर्ष असं जुळून यावं, याचा मला मनापासून आनंद वाटतो. वारकरी घरांनी तेवढी कार्तिकी एकादशी कधी येते ते आधी बघून घ्यावं.

पट्टी किती येईल हे मात्र भावावर. सोयाबीन हमीभावाच्या खाली विकावं लागलं की पहिली काट सहलीवर बसते, हे दरवर्षी दिसतं. म्हणून भिशीचा किंवा बचत गटातला पैसा वर्षभर वेगळा काढून ठेवणाऱ्या बायकांचं मला मोठं कौतुक आहे. पैसा त्यांनी जमवलेला असेल तर कुठं जायचं आणि किती थांबायचं हेही त्यांनीच ठरवलं पाहिजे.

कागदपत्रांची भीती उगाच बाळगली जाते. भारत आणि नेपाळमध्ये ३१ जुलै १९५० रोजी मैत्रीचा करार झाला. आपल्याला नेपाळला जायला व्हिसा लागत नाही, पासपोर्टचीही सक्ती नाही. मतदार ओळखपत्र पुरतं. इथंच लोक फसतात, कारण आपल्याला सगळीकडं आधार दाखवायची सवय लागली आहे. पंधरा ते पासष्ट या वयातल्या माणसाला नेपाळसाठी आधार चालत नाही. पंधराच्या आतल्या मुलांना आणि पासष्टच्या वरच्यांना चालतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या कितीतरी बायकांच्या मतदार कार्डावर जुनं नाव किंवा चुकीचं वय असतं. त्यासाठी आठ नंबरचा अर्ज भरून दुरुस्ती करून घ्यावी लागते आणि ते काम आत्ताच करायचं, गाडीच्या आदल्या आठवड्यात नाही. भारताच्या शंभर रुपयांना नेपाळचे एकशे साठ हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. नोटांचं मात्र बघून घ्यावं. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळनं शंभराहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती, पुढं त्या नियमांत फेरबदल होत गेले. निघण्याआधी बँकेत विचारा आणि शंभराच्या नोटांचं एक बंडल जवळ असू द्या.

मागच्या काळातली एक शंका अजून विचारली जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुण रस्त्यावर उतरले, जाळपोळ झाली, माणसं मेली, सरकार गेलं. ज्यांनी तेव्हा बेत रद्द केले त्यांना दोष देता येणार नाही. पण त्या देशाला कायमचं यादीतून काढू नये. पर्यटकांवर पोट असलेली साधी माणसं तिथं खूप आहेत. बातम्या बघाव्यात, खात्री करावी आणि जावं.

जळकोटला रेल्वे नाही. उदगीरहून सिकंदराबाद गाठलं की तिथून गोरखपूरला थेट गाडी मिळते. गोरखपूरहून रस्त्यानं सोनौलीची हद्द. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं एकशेवीस दिवस आधी नाही. हद्द ओलांडली की घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करायचं. शाळेत जाणाऱ्या नातवंडांना याची फार गंमत वाटते. त्याहून मोठी गंमत म्हणजे तिथल्या पाट्या देवनागरीत असतात. ज्या आजीनं हरिपाठ वाचण्यापुरतीच अक्षरं गिरवली, तिलाही परदेशात दुकानांची नावं वाचता येतील. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आगगाडीपुरती बांधून घ्या, पुढं डाळ-भात सगळीकडं मिळतो. स्वेटर मात्र जाड हवा.

पत्रकात अंतरं किलोमीटरमध्ये छापतात, तिथंच गडबड होते. काठमांडू ते पोखरा साधारण दोनशे किलोमीटर आहे. आपल्याकडं एवढं अंतर चार-पाच तासांत कापू. तिथं घाट आणि नदीकाठची वळणं यांत दिवस जातो. पाच दिवसांत पशुपतिनाथ, मनकामना, पोखरा, मुक्तिनाथ आणि लुंबिनी असं छापलेलं दिसलं की समजावं, आपले बहुतेक दिवस गाडीतच जाणार. मुक्तिनाथ साडेतीन हजार मीटरच्याही वर आहे. रक्तदाबाच्या किंवा दम्याच्या माणसाला तिथं घाईनं नेणं मला धोक्याचं वाटतं. ज्यांची तब्येत साथ देत नाही त्यांनी पोखऱ्यात दोन दिवस निवांत राहावं आणि पहाटे सारंगकोटवरून माछापुच्छ्रेचं शिखर बघावं. सहा हजार नऊशे त्र्याण्णव मीटरचं ते शिखर पवित्र मानतात, त्यावर चढाईला परवानगी नाही. पशुपतिनाथाच्या मुख्य पूजेचे भट्ट पुजारी पिढ्यानपिढ्या कर्नाटकातून जातात, हेही जाण्याआधी सांगून ठेवावं. बिदर आपल्या शेजारचं, त्यामुळं काठमांडू एकदम जवळचं वाटू लागतं.

आणि लुंबिनी. बहुतेक सहलींत ती परतीच्या वाटेवर तासाभरासाठी येते : उतरा, फोटो काढा, बसा. मराठवाड्यातून जाणाऱ्या माणसानं हे मुळीच मान्य करू नये. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. पुढच्याच महिन्यात बाबासाहेब तब्येत ढासळलेली असताना काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि २० नोव्हेंबरला बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर बोलले. त्याच प्रवासात त्यांनी लुंबिनी, सारनाथ, कुशीनगर केलं. ६ डिसेंबरला ते गेले. ज्यांच्या घरात बुद्धवंदना होते त्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांनीही ते वाचून जावं.

तिथला अशोकाचा स्तंभ १८९६ मध्ये सापडला. त्यावरच्या ब्राह्मी लेखात सम्राट सांगतो की, राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर मी स्वतः इथं आलो, बुद्धांचा जन्म इथं झाला म्हणून पूजा केली, या गावाचा कर माफ केला आणि पिकातला आठवा हिस्साच घ्यायचं ठरवलं. राजानं सहावा हिस्सा घ्यावा, अशी जुन्या ग्रंथांतली रीत होती. म्हणजे बुद्धांच्या जन्मगावाचा मान राखायचा तर तिथल्या शेतकऱ्याचा बोजा हलका करावा, असं अशोकाला सुचलं. सोयाबीनची पट्टी हातात घेऊन आलेल्या माणसानं त्या दगडासमोर जरा वेळ उभं राहावं, असं मला फार वाटतं. मायादेवी मंदिर, शेजारची पुष्करिणी आणि जपानी वास्तुरचनाकार केन्झो तांगे यांच्या १९७८ च्या आराखड्यानुसार वसवलेले देशोदेशीचे विहार चालत बघायला सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही लागतात. सोनौलीपासून ही जागा तासाभराच्या अंतरावर आहे, म्हणून जातानाच तिथं पहिला मुक्काम करता येतो.

ज्यांचं यंदा ठरतंय त्यांना एवढंच सांगतो. पोळ्याआधी सगळ्यांची मतदार कार्डं तपासा. सप्टेंबरात आरक्षण करा. एजंटामार्फत जाणार असाल तर पैसे भरण्याआधी लुंबिनीचे दोन मुक्काम कागदावर लिहून घ्या आणि तो लिहून देत नसेल तर दुसरा एजंट बघा.