हात सोडण्याचा सल्ला

पालकांच्या मेळाव्यांत सध्या एक सल्ला हमखास टाळ्या घेतो. मूल अठरा वर्षांचं होऊन शिकायला बाहेरगावी गेलं की आईबापांनी हात काढून घ्यावा. ते घाबरून फोन करत असेल तर फोन उचलू नये, आठ दिवसांत आपोआप ताळ्यावर येतं. चिंता वगैरे या पिढीचे चोचले आहेत. पूर्वी मुलं पुण्यामुंबईत एकटी शिकली, घरचं पत्र महिन्याने यायचं, कुणाला काही झालं नाही. आणि शेवटचा दाखला ठरलेला: विहिरीत ढकललं की पोर पोहायला शिकतं. असं भाषण करून वक्ते पुढच्या गावाला जातात आणि समोरचे आईबाप ते खरं मानून घरी येतात. म्हणून त्याचा समाचार घेणं भाग आहे.

विहिरीचा दाखला देणाऱ्याने विहिरीवर कधी नीट पाहिलेलं दिसत नाही. खेड्यात पोराच्या पाठीला आधी वाळलेला भोपळा नाही तर पांगाऱ्याचा बिंडा बांधतात, आणि चुलता किंवा थोरला भाऊ त्याच्याआधी पाण्यात उतरलेला असतो. नुसती ढकलून दिलेली सगळीच पोरं वर येत नाहीत.

आणि ‘पूर्वी मुलं एकटी शिकली’ हे तर साफ खोटं आहे. महाराष्ट्रातला खेड्यातला विद्यार्थी शहरात टिकला तो माणसांच्या आधारावर. शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करवलं आणि मग निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहं उभी राहत गेली, ती मुलाला नुसतं शाळेत घालून भागत नाही हे ओळखूनच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात काढलेल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवत. त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा राहिलं नाही. पुण्यात विद्यार्थी सहायक समितीने 1955 पासून गावाकडच्या मुलांच्या राहण्याजेवण्याची सोय केली. ज्यांना यातलं काही मिळालं नाही त्यांतले काही वार लावून जेवत, सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. त्यात मिंधेपण होतं, जातीची उतरंड तर होतीच, आणि त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पण पोरगा ठरल्या वारी आला नाही तर ते त्या घरात कळत होतं. वसतिगृहात रेक्टर होते, वाड्यात काकू होती, शेजारच्या पेठेत मामा होता. घरचं पत्र महिन्याने आलं तरी चालत होतं, कारण रोज तोंड बघणारं माणूस त्याच गावात होतं.

आज पुण्याच्या सदाशिव पेठेत, नवी पेठेत काय आहे? कॉट बेसिसवरची खोली, त्यात आणखी तीन अनोळखी मुलं, मेसचा डबा आणि अभ्यासिकेतला प्लायवूडचा कप्पा. त्या कप्प्यात पोरगी सकाळी सातला बसते आणि रात्री अकराला उठते. डबा दोन दिवस न उघडता परत गेला तरी कुणी विचारत नाही. त्यात स्पर्धा परीक्षेचा भरवसा नाही. 14 मार्च 2021 ची राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली गेली आणि मुलं नवी पेठेत रस्त्यावर बसली. 25 ऑगस्ट 2024 ची परीक्षा दुसऱ्या परीक्षेच्या तारखेशी भिडली म्हणून पुढे गेली, ती झाली 1 डिसेंबरला. अशा जागी राहणाऱ्या मुलाला विचारणारा एकच आवाज उरलाय, तो घरच्या फोनचा. आणि तोच बंद करा म्हणून सांगितलं जातंय!

हीच मंडळी दहावी झालेल्या पोरांना घरापासून तोडून दोन वर्षं कोचिंगच्या गावी ठेवा, असं सांगत होती. तेव्हा आईने मागे जाऊन खोली घेऊन राहायचं, पहाटे चारला चहा करून द्यायचा, पोराला बँकेची स्लिपसुद्धा भरू द्यायची नाही, हे सगळं चालत होतं. मार्क मिळवून झाले की मूल एका रात्रीत स्वावलंबी व्हावं ही अपेक्षा कुठल्या हिशेबात बसते?

चोचल्यांबद्दल एवढंच, की राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (2015-16) देशातल्या 10.6 टक्के प्रौढांना मानसिक आजार असल्याचं आढळलं. 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि त्यांत सर्वांत जास्त महाराष्ट्रातले होते. कारणं एक नसतात, पण हे वाचून ‘चोचले’ म्हणवत नाही.

या वक्त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे. दिवसातून दहा फोन करून धीर देत राहिलं, मुलाच्या वतीने सरांशी, मेसवाल्याशी आपणच बोललं, की चिंता कमी होत नाही, वाढते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी नेमकं हेच हेरून फक्त पालकांवर काम करणारी उपचारपद्धती बांधली. 124 मुलांवरच्या त्यांच्या चाचणीत पालकांना शिकवण्याचा परिणाम मुलाला थेट दिलेल्या उपचारापेक्षा कमी ठरला नाही. ती मुलं 7 ते 14 वर्षांची होती, हे खरं. पण त्यातून निघालेला धडा हात सोडण्याचा नाही. पालकाने त्रास मान्य करायचा, भरवसा दाखवायचा आणि मुलाचं काम मुलाकडेच ठेवायचं.

लातूरकडची एक आई फोनवर ऐकते, “छातीत धडधडतंय, श्वास पुरत नाही, उद्याचा पेपर मी देत नाही.” “काही होत नाही, उगीच घाबरू नको” म्हटलं की पोरगी गप्प होते आणि पुढच्या वेळी सांगतच नाही. “नको देऊ, ये घरी” म्हटलं की पुढचा पेपर आणखी अवघड होतो. “लई त्रास होतोय ना माय, कळतंय मला. तरी तू जाशील पेपरला. सुटलीस की फोन कर,” एवढं पुरतं.

फोनची वेळ ठरलेली असावी, आणि त्यातला निम्मा तरी वेळ म्हशीचा, पावसाचा, चुलतभावाच्या लग्नाचा असावा. खोलीतल्या एका मैत्रिणीचा नंबर मुलीला विचारूनच घ्यावा, तिच्या पाठीमागे हेरगिरी करू नये. झोप उडाली, जेवण सुटलं, आठवडे तसेच गेले तर डॉक्टरांकडे जायला सांगावं. डॉक्टरांनी सगळं आपल्याला सांगावं असा हट्ट धरू नये, कारण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने सज्ञान रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेल्या सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा नंबर दोघांच्याही मोबाइलमध्ये असावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, आणि पालकही तिथे विचारू शकतात.

आणि मूल ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणालं, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. फोन तोडू नका, दुसऱ्या फोनवरून खोलीतल्या कुणाला तरी त्याच्याजवळ बसवा, आणि मिळेल त्या गाडीने निघा. त्या वेळी कुणा वक्त्याचा सल्ला आठवत बसू नका.