टिकत नाही, तेच अभ्यासायचं

‘स्युडोमोनास सिरिंजी’ हा झाडाच्या पानांवर वाढणारा जिवाणू सिरिंगोमायसिन नावाचं विष तयार करतो. त्यासाठी थ्रिओनिन या अमिनो आम्लाच्या टोकाला असलेल्या मिथाइल गटातला एक हायड्रोजन काढून तिथे क्लोरीन बसवतो. क्लोरीन वायू आणि उजेड वापरून असं काम करायला गेलं, तर क्लोरीन कुठेही बसतो. साध्या प्रोपेनचेही दोन वेगळे क्लोरोप्रोपेन होतात आणि मग ते निराळे करत बसावं लागतं. जिवाणू मात्र मिठातला क्लोराइड, हवेतला ऑक्सिजन आणि लोखंडाचा एक अणू वापरून ते नेमकं साधतो.

हा अणू ज्या विकरात असतो, ते सिरबी२. हार्वर्डच्या ख्रिस्तोफर वॉल्श यांच्या गटाने २००५मध्ये त्याचं काम दाखवलं. पुढच्याच वर्षी त्याची रचनाही कळली. अशा विकरांत एरवी लोखंडाला एका बाजूने धरणारा आम्लगट असतो, तो इथे नाही; त्या मोकळ्या जागेत क्लोराइड येऊन बसतो. ऑक्सिजनशी क्रिया झाली की लोखंड +४ या अवस्थेत जातं, हायड्रोजन ओढून घेतं आणि ती अवस्था लगेच विरून जाते. त्यानंतर कार्बनला क्लोरीन मिळणार की हायड्रॉक्सिल, हे बारीक अंतरावर ठरतं. थ्रिओनिनच्या जागी जरा लांब साखळीचं नॉरव्हॅलिन दिलं, तर हेच विकर मुख्यतः हायड्रॉक्सिल बसवू लागतं.

सगळी मेख त्या विरून जाणाऱ्या अवस्थेत आहे. म्हणून रसायनशास्त्रज्ञ विकराबाहेर तिच्या नकला घडवतात. २००३मध्ये अशा एका लोखंड-ऑक्सो संयुगाचे स्फटिक मिळाले, तेही उणे ४० अंशांवर काम केल्यावर. पवईच्या आयआयटीतल्या देबब्रत मैती यांच्या गटाने ग्रेनोबलच्या शास्त्रज्ञांसह २०१८मध्ये अशाच संयुगाने हायड्रॉक्सिलेशन टाळून हॅलोजन बसवल्याचं प्रसिद्ध केलं. या कामातून औषध कधी निघणार, असा प्रश्न निधी देताना पहिल्याच वर्षी विचारणं चुकीचं आहे. क्लोरीन नेमक्या जागी का बसतो, हे आधी कळायला हवं; ते कळायला वर्षं लागतात आणि तेवढी वर्षं द्यायला हवीत.

न टिकणारं अभ्यासण्याची सुरुवात महाविद्यालयातच व्हायला हवी. बीएस्सीच्या जर्नलमध्ये हाती आलेल्या पदार्थाचं वजन आणि मेल्टिंग पॉइंट लिहिला की प्रयोग संपतो. वाटेत काय घडून गेलं, हे सहसा कोणी विचारत नाही. खरं तर फेरिक क्लोराइड आणि हायपो (सोडियम थायोसल्फेट) बहुतेक प्रयोगशाळांत असतात. दोन्हींची विरळ द्रावणं एकत्र केली की गडद जांभळा रंग येतो आणि बघता बघता उडून जातो. तो रंग लोखंडाच्या अल्पायुषी संयुगाचा असतो. द्रावणं आधी बर्फात थंड केली, तर तो जास्त वेळ टिकतो. स्टॉपवॉच घेऊन वेगवेगळ्या तापमानांना त्याचं आयुष्य मोजणं, हा प्रयोग पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही सहज जमेल. विद्यापीठांनी तो अभ्यासक्रमात घ्यावा.