कामाची गाणी, प्रसंगाची गाणी

पालघर जिल्ह्यातली किनाऱ्यावरची सातपाटी राज्याला माहीत आहे ती पापलेटसाठी. 2023 मध्ये याच माशाला राज्यमाशाचा दर्जा मिळाला. तिथल्या मच्छीमारांची मांगेली बोली आणि तिच्यातली गाणी मात्र पालघरच्या बाजारापर्यंतही फारशी पोचलेली नाहीत. वरातीत वाजणारे ‘कोळीगीत’ बहुतांशी मुंबईच्या कोळीवाड्यांच्या वळणाचे, कॅसेटच्या जमान्यात घडलेले.

मांगेलीतली कामाची गाणी मागे का पडली? वल्ही एकदम पाण्यात पडायला हवीत, होडी वाळूवर ओढताना सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागायला हवा. ती वेळ गाण्याची लय साधते. इंजिन आले आणि लयीचे काम संपले. बोली घरात टिकली, तिच्यातले हे गाणे टिकले नाही.

प्रसंगाशी बांधलेल्या गाण्यांचे तसे होत नाही. हळद आहे तोवर हळदीचे गाणे आहे. याच जिल्ह्यातल्या वारली समाजात परंपरेने लग्न लावते ती धवलेरी, आणि ते गाऊनच लावते. तिथे गाणे हाच विधी आहे, म्हणून ते सहज गळून पडत नाही.

मग कामाचे गाणे राखायचे कसे? उत्तर आयर्लंडमधील अल्स्टर-स्कॉट्स या बोलीची कथा इथे उपयोगी पडते. (ती भाषा की बोली, हा वाद तिथेही मिटलेला नाही.) 1998 च्या शांतता करारात तिचा उल्लेख आला, पाठोपाठ तिच्यासाठी सरकारी संस्था उभी राहिली. पण हातमागावर लिनन विणणाऱ्या कवींचे शब्द आज वाचता येतात, ते त्या मान्यतेमुळे नव्हे. जेम्स ऑर या विणकराने आपल्या कवितांचे पुस्तक 1804 मध्येच छापले होते. माग थांबले, पुस्तक उरले.

आपल्याकडे ब्रिटिश काळात ग्रिअर्सनने केलेल्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या 1905 च्या खंडात कोकणपट्टीतल्या अनेक बोलींची नोंद आहे. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठी बोलींचे सर्वेक्षण केले. त्यातून शब्द आणि व्याकरण हाती लागते. गाणे कोणत्या कामाला, कोणत्या लयीत, किती जणांनी म्हणायचे, हे टिपायला वेगळी नोंद लागते.

बोलीला दर्जा मिळण्याची वाट पाहण्यापेक्षा ही नोंद अधिक निकडीची आहे, कारण शिडाच्या होडीवर काम केलेली पिढी आता थोडी उरली आहे. पावसाळी मासेमारी बंदीत बोटी किनाऱ्याला असतात. मच्छीमार सहकारी संस्था आणि पालघरच्या महाविद्यालयांनी येत्या बंदीतच या कामाला हात घालावा.