लाल ठिपका आणि चाळीस वार

टर्कीच्या शिकारीवरचा लेख आपल्या वार्षिकांकात पाहून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील. कवितांच्या पानांशेजारी बंदूक कशाला, असे कुणी म्हणेल. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला पायबंद घातला, मग हा उपद्व्याप कशासाठी, असे दुसरा विचारील. दोघांचेही म्हणणे रास्त आहे. मी स्वतः बंदूक कधी खांद्याला लावलेली नाही, आणि पुढे लावीन असेही वाटत नाही. परंतु माझा आतेभाऊ अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात नोकरीनिमित्त राहतो. तिथे तो शिकारीला जाऊ लागला, आणि सुटीत घरी आला तेव्हा त्याने एका वादाची ठिणगी आमच्या वसतिगृहाच्या खोलीत टाकून दिली. त्या वादात माझे एक मत बनले आहे. ते मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

वाद असा. तिकडच्या टर्की-शिकाऱ्यांत बोटभर लांबीच्या एका उपकरणावरून दोन तट पडले आहेत. हे उपकरण बंदुकीवर बसवतात, ते बॅटरीवर चालते, आणि त्याच्या काचेतून पाहिले की समोर एक लाल ठिपका दिसतो. ठिपका पक्ष्याच्या मानेवर आणायचा आणि चाप ओढायचा. एक तट म्हणतो, ही शुद्ध फसवणूक आहे. बापजाद्यांनी नुसत्या नजरेने नेम धरला, आता बॅटरी नेम धरणार. दुसरा म्हणतो, ज्याने पक्षी जखमी होऊन पळण्याऐवजी जागच्या जागी मरतो, ते वाईट कसे?

आधी पक्ष्याविषयी थोडे सांगतो. मूळचा हा उत्तर अमेरिकेचा. इंग्रजांनी त्याला तुर्कस्थानचे नाव दिले. तुर्क त्याला ‘हिंदी’ म्हणतात. फ्रेंचांच्या नावातही हिंदुस्थानच दडलेला आहे. आणि पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणतात. (पेरू म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे तिखटमीठ येते, त्याला इलाज नाही.) बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी हा पक्षी नामशेष व्हायच्या बेतात होता. पुढे १९३७ साली तिथे पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला आणि बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला जाऊ लागला. जिथे पक्षी उरले होते तिथून जाळ्यांत पकडून, जिथे संपले होते त्या रानांत ते सोडण्यात आले. मिसूरीत १९६० साली पुन्हा पहिला हंगाम उघडला तो अवघ्या तीन दिवसांचा; त्यात ९४ पक्षी मारले गेले. २००४ साली त्याच राज्यात वसंतातली शिकार साठ हजारांवर पोचली होती. त्यानंतर मात्र हा आकडा बराच खाली आला, कारण पिले जगण्याचे प्रमाण घटले. दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्याने २०२२ सालापासून एका शिकाऱ्याला मिळणारे पक्षी तिनावरून दोनावर आणले. तेव्हा या वादाला केवळ हौशी लोकांचे भांडण म्हणून बाजूला सारता येत नाही. एकेक पक्षी हिशेबात धरावा, अशी वेळ आलेली आहे.

आता शिकार कशी चालते ते पाहू, कारण माझ्या मताचा सगळा आधार तिथे आहे. वसंतात नर भल्या पहाटे, अजून झाडावरच असताना, आरोळी ठोकतो. निसर्गाची रीत अशी की आरोळी ऐकून मादीने नराकडे जायचे. शिकारी ही रीत उलटी फिरवू पाहतो. झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून, नखशिखान्त रानाच्या रंगाचे कपडे घालून तो बसतो आणि मादीचा आवाज काढतो. लाकडी पेटीचे झाकण तिच्या कडेवर घासून, पाटीच्या दगडावर काडी फिरवून, नाहीतर टाळूला चिकटवलेल्या पातळ पडदीतून फुंकर घालून. नराने स्वतः चालत यावे, अशी ही विनवणी असते. नर बहुधा येत नाहीच. आला तरी शंभर वारांवर थांबतो, पिसारा फुलवतो, मागे वळतो. त्याची नजर अशी तीक्ष्ण की शिकाऱ्याने बोट हलवले तरी खेळ संपला. दादा पहिली दोन वर्षे रिकाम्या हातांनी परतला, ते नेम चुकला म्हणून नव्हे. नेम धरण्याची वेळच आली नाही.

नेम धरायची वेळ येते तेव्हा काय होते? बंदूक छऱ्यांची असते. नळीच्या टोकावर एक बारीक पितळी मणी असतो. आपल्याकडचे जुने शिकारी त्याला ‘माशी’ म्हणत. गाल दस्त्याला घट्ट टेकवून माशी पक्ष्यावर आणायची, एवढीच जुनी पद्धत. गाल जरा उचलला गेला की बार पक्ष्याच्या डोक्यावरून निघून जातो, आणि तासभर वाट पाहून छाती धडधडत असताना गाल उचलला जातोच, कारण माणसाला पक्षी पाहायचा असतो. टर्कीच्या शरीरावर बार काढायचा नसतो. पिसे आणि मांस यांत छर्रे अडकतात, पक्षी उडून जातो आणि कुठेतरी झुडपात मरतो. डोके आणि मान एवढेच लक्ष्य. त्यासाठी नळीच्या तोंडाशी ‘चोक’ बसवून छर्रे मुद्दाम एकवटलेले ठेवतात. छऱ्यांची बंदूक म्हणजे समोर जाळे फेकल्यासारखे, काहीतरी लागेलच, अशी माझी समजूत होती, अनेकांची असेल. प्रत्यक्षात दहा वारांवर हा छऱ्यांचा पुंजका जेमतेम मुठीएवढा असतो. म्हणजे पक्षी जितका जवळ, तितका नेम काटेकोर हवा. त्यात भर अशी की पुष्कळ बंदुकांचा बार माशी दाखवते त्या जागी बरोबर जातच नाही. थोडा डावीकडे, थोडा वर जातो. माशीला तो दोष दुरुस्त करता येत नाही.

लाल ठिपका इथे कामाला येतो. एक गैरसमज आधी दूर करायला हवा: हा काही पक्ष्यावर सोडलेला प्रकाशाचा झोत नव्हे. आतल्या चिमुकल्या दिव्याचा उजेड एका वक्र काचेवरून उलटून शिकाऱ्याच्या डोळ्याकडे येतो, आणि किरण समांतर होऊन येत असल्यामुळे ठिपका काचेवर न दिसता दूर पक्ष्याच्या मानेवरच टेकवल्यासारखा दिसतो. डोके किंचित हलले तरी तो मानेवरून फारसा ढळत नाही. ही दुर्बीणही नव्हे. पक्षी तसूभरही मोठा दिसत नाही, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात. कल्पना जुनीच आहे. डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब या दुर्बिणी बनवणाऱ्या गृहस्थांनी ती १९०० साली मांडली, दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांत ती सर्रास वापरली गेली, आणि १९७५ साली स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने बॅटरीवर चालणारा ठिपका बंदुकीसाठी बाजारात आणला. दोन बारीक स्क्रू फिरवून ठिपका वरखाली आणि डावीउजवीकडे सरकवता येतो. कागदावर बार काढून पाहायचा, छऱ्यांच्या पुंजक्याचा मध्य कुठे पडतो ते बघायचे आणि ठिपका तिथे नेऊन बसवायचा.

जुन्या वळणाच्या मंडळींचा आक्षेप मी हलका मानत नाही. आल्डो लिओपोल्ड यांनी १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात शिकाऱ्यांच्या उपकरणांच्या हव्यासाबद्दल खेद व्यक्त केला होता. आमच्या तत्त्वज्ञानाच्या तासाला ज्यांचे नाव निघते ते स्पॅनिश विचारवंत ओर्तेगा यांचेही म्हणणे असे, की शस्त्र जसजसे प्रभावी होत गेले तसतशा माणसाने शिकारीत स्वतःवर मर्यादा घालून घेतल्या, आणि त्या मर्यादांमुळेच शिकार ही शिकार राहिली. हे मला पूर्ण पटते. प्रश्न एवढाच, की मर्यादा कुठे घालायची?

तिकडच्या कायद्याने याचे एक उत्तर देऊन ठेवले आहे, आणि ते मला शहाणपणाचे वाटते. वसंतातल्या टर्कीसाठी विजेवर चालणाऱ्या, ध्वनिमुद्रित आवाज काढणाऱ्या यंत्राला बहुतेक राज्यांत बंदी आहे. मिसूरीतही आहे. विजेवर चालणाऱ्या ठिपक्याला मात्र तिथे नाही. वरवर पाहता हा विरोधाभास वाटतो, पण नाही. पक्ष्याला बोलावून आणणे हीच या शिकारीतली कला. ती यंत्राने केली तर उरले काय? पक्षी आल्यानंतर नेम धरणे ही कला नव्हे, ती जबाबदारी आहे. गायकाने तंबोरा यंत्राने जुळवला तर आपण नाके मुरडत नाही. गाणे यंत्राने म्हटले तर मुरडू. माशीने नेम धरणारा माझ्या लेखी अधिक मोठा शिकारी ठरत नाही. त्याचा नेम चुकला की किंमत तो मोजत नाही, पक्षी मोजतो. आणि झुडपात जाऊन मेलेला तो पक्षी मारलेल्यांच्या हिशेबात येत नाही. दोन पक्ष्यांची मर्यादा कागदावर दोनच राहते आणि रानात तीन-चार जातात.

शिवाय वयाचा मुद्दा आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला जवळची माशी आणि दूरचा पक्षी एकाच वेळी स्वच्छ दिसत नाहीत. (प्राध्यापक मंडळींना हे अधिक समजावून सांगायला नको.) ठिपका पक्ष्याच्याच अंतरावर दिसत असल्याने ही अडचण उरत नाही. ज्यांच्या डोळ्यांत दृष्टिवैषम्य आहे त्यांना मात्र तो ठिपका न दिसता फुटक्या चांदणीसारखा दिसतो. बॅटरीचे म्हणाल तर हल्लीच्या काही ठिपक्यांना नाण्याएवढी एक बॅटरी वर्षानुवर्षे पुरते. पावसाचा थेंब काचेवर बसला तर त्रास होतो, एवढेच.

एवढे असूनही मी ठिपक्याच्या सर्व समर्थकांच्या पंगतीला बसायला तयार नाही. कारण ठिपका एकटा आलेला नाही. त्याच्याबरोबर टंगस्टनचे छर्रे आले. शिसे पाण्याच्या सव्वाअकरा पट जड, तर हे छर्रे अठरा पट. बारीक असूनही ते दूरवर जोर धरून राहतात. आता टंगस्टन, घट्ट चोक आणि लाल ठिपका अशी त्रिमूर्ती जमली की साठ वारांवरचा पक्षी मरू शकतो, आणि जो साठ वारांवर मरू शकतो त्याला चाळीस वारांवर बोलावण्याची गरजच काय, असे माणसाला वाटू लागते. खरी फसवणूक मला इथे दिसते. चाळीस वारांवर दहा इंची वर्तुळात निदान शंभर छर्रे पडले पाहिजेत, असा तिकडच्या जाणत्यांचा ठोकताळा आहे. त्यापुढे पुंजका विरळ होत जातो, अंतराचा अंदाज चुकतो, आणि ठिपका मात्र साठ वारांवरही तितकाच स्थिर, तितकाच लाल दिसतो. बार कुठे जाईल हे तो सांगतो. किती छर्रे पोचतील हे सांगत नाही.

समोर कोण आहे हेही सांगत नाही. तिकडे मादीच्या आवाजाला फसून नर येतो, तसे कधी कधी दुसरे शिकारीही येतात, आणि झुडपातल्या हालचालीवर बार काढल्याने माणसे जखमी झाली आहेत, दगावली आहेत. नराचे डोके लाल, पांढरे आणि निळे असते, म्हणून शिकाऱ्याने हे तीन रंग अंगावर घालू नयेत असा तिथे दंडक आहे. दशरथाने शब्दावर बाण सोडला आणि श्रावणबाळ गेला, ही गोष्ट आपण आजीकडून ऐकलेली असते. मिसूरीच्या रानात ती आजही खोटी नाही. द्रोणाचार्यांनी परीक्षेसाठी झाडावर लाकडी पक्षी ठेवला होता, म्हणून अर्जुनाला फक्त डोळा दिसला तरी चालले. जिवंत रानात नेम धरणाऱ्याला पक्षी, झाड, फांद्या आणि पलीकडचा माणूस हे सगळेच दिसायला हवे. या बाबतीत ठिपका माशीपेक्षा बरा, कारण दुसरा डोळा मिटावा लागत नाही. परंतु उघडा डोळा आपणहून काही पाहत नाही.

अंतराची मर्यादा कायद्याने घालावी असे आमच्या एका मित्राने सुचवले. ते जमणारे नाही. पहाटेच्या रानात कोण किती वारांवरून बार काढतो हे मोजायला कोणता रखवालदार उभा राहणार? लिओपोल्ड यांनीच म्हटले आहे, की शिकाऱ्याला प्रेक्षक नसतात.

दादा बसायची जागा ठरली की अंतर मोजायच्या यंत्राने चाळीस वारांवरचे एक ओकचे झाड हेरून ठेवतो. (हेही बॅटरीवरच चालते, याच्याविरुद्ध मात्र जुन्या मंडळींपैकी कुणी अवाक्षर काढल्याचे त्याने ऐकलेले नाही.) मागच्या एप्रिलमध्ये एक मोठा नर त्या ओकच्या पलीकडे, पंचावन्न वारांवर, पिसारा फुलवून वीस मिनिटे येरझारा घालत होता. ठिपका त्याच्या मानेवर होता. दादाने हलकेच दोनदा मादीचा आवाज काढला. नराने मान वर केली, थोडा वेळ पाहिले, आणि तो उतारावरून रानात निघून गेला. दादाच्या शेजाऱ्याने हे ऐकून त्याला वेड्यात काढले. त्याच्या मते पंचावन्न वार म्हणजे घरचे अंगण. आमच्या खोलीतही बहुसंख्य शेजाऱ्याच्याच बाजूचे निघाले. मी दादाच्या बाजूने बोललो, आणि रात्रीचे दोन वाजेपर्यंत बोलत राहिलो.