बंदूक कुणाच्या हातात?



अमेरिकेत शाळेत गोळीबार झाला की आपल्याकडच्या पांढरपेशांना ऊत येतो. २४ मे २०२२ ला टेक्सासमधल्या उवाल्डी गावात एकजण शाळेत घुसला, १९ पोरं आणि २ मास्तरणी मारल्या. लगेच आपल्याकडे प्रवचनं सुरू. म्हणे भोगवादी संस्कृती. म्हणे बंदुकीची पूजा करणारा देश. आणि आपण कोण? तर बुद्धाचा, गांधीचा, अहिंसेचा देश! हे मी चौलच्या नाक्यावर चहाच्या टपरीवर ऐकलंय आणि शनिवार-रविवार इथल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत हवा खायला येणाऱ्या मुंबईच्या साहेबांच्या तोंडूनही ऐकलंय. दोघांचं पाठांतर एकच.

अमेरिकेवरची टीका खोटी नाही. २०१८ च्या जागतिक पाहणीचा अंदाज सांगतो, तिथं सामान्य नागरिकांकडे ३९ कोटी ३० लाख बंदुका. माणसं कमी, बंदुका जास्त. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेली, तर सरकारनं साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका लोकांकडून विकत घेऊन मोडीत काढल्या. ब्रिटननं डनब्लेनच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर पिस्तुलांवर बंदी घातली. अशा देशांनी अमेरिकेला चार शब्द सुनावले तर त्यांना तो अधिकार आहे, त्यांनी आधी करून दाखवलंय. पण अमेरिकेतले बंदूकवाले काय म्हणतात? हा आमचा घरचा मामला. ही आमची परंपरा. १७९१ सालची घटनादुरुस्ती वाचा आणि गप्प बसा.

हे उत्तर कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतं ना? वाटणारच. ते आपल्याच दिल्लीचं उत्तर आहे.

२००१ साली डर्बनला वंशवादाविरुद्ध जागतिक परिषद भरली. आपली माणसं तिथं गेली, जातीचा प्रश्न जगाच्या वेशीवर टांगायला. भारत सरकारनं सगळी ताकद लावली ती जात हा शब्द त्या ठरावात येऊ नये म्हणून. जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत प्रश्न! वंशभेदाविरुद्धच्या युनोच्या समितीनं १९९६ मध्येच सांगितलं होतं की जातीचा भेद आमच्या कक्षेत येतो. २००७ मध्ये तिनं पुन्हा भारताचे कान उपटले. सरकारचं पालुपद तेच. गंमत बघा, २००६ च्या डिसेंबरात खुद्द पंतप्रधान मनमोहन सिंगांनी अस्पृश्यतेची तुलना दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदाशी केली होती. घरात कबुली आणि बाहेर इन्कार.

आणि हीच समिती २०१४ मध्ये अमेरिकेला काय म्हणाली? तुमच्याकडं बंदुकीनं मरणाऱ्यांत काळ्यांचं प्रमाण फार आहे, कायदे बघा. म्हणजे ज्या आरशात अमेरिकेचं थोबाड बघून आपण हसतो, त्याच आरशात आपलंही दिसतं. फक्त आपल्यावर पाळी आली की आरसाच परदेशी ठरतो.

साहेब म्हणतील, आमच्याकडे कुठं आहेत एवढ्या बंदुका? खरंय. त्याच पाहणीत भारताचा आकडा ७ कोटींच्या वर आहे, पण माणसांच्या मानानं तो फार थोडा. मग काय आपण अहिंसक? अरे, इथं बंदूक लागतेच कुठं! २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातली आई, पोरगी आणि दोन पोरं, चार माणसं गावानं मिळून मारली. एक गोळी सुटली नाही. कुणाला कलेक्टरकडं लायसन्स मागावं लागलं नाही. आणि कोर्टाला त्यात जात दिसली नाही, शिक्षा झाल्या पण अॅट्रॉसिटी लागली नाही. जात हे इथलं विनापरवाना हत्यार आहे. ते म्यानात ठेवायची सक्ती नाही, जमा करायची सक्ती नाही आणि बापाकडून पोराकडं ते आपोआप जातं.

म्हणून मला बंदुका किती हा प्रश्न अपुरा वाटतो. माझा प्रश्न, बंदूक कुणाच्या हातात?

चौलमध्ये राहणाऱ्याला हा प्रश्न पडावाच. १५०८ मध्ये इथल्या पाण्यात तोफा धडाडल्या, पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पोरगा मेला. १५७०-७१ मध्ये निजामशहानं वेढा घातला. १७४० मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं. सत्ता बदलल्या, तोफेमागचा धनी बदलला. तोफा ओढणाऱ्यांची, दगड वाहणाऱ्यांची नावं मात्र रेवदंड्याच्या कुठल्याच भिंतीवर नाहीत. आणि त्याच्याही कितीतरी आधी चेमुलचे, म्हणजे याच चौलचे उपासक कान्हेरीच्या लेण्यांना दान देत होते, ते तिथं दगडावर कोरलेलं आहे. हे गाव फक्त तोफांचं नाही.

१८७८ मध्ये इंग्रजानं हत्यारांचा कायदा केला. नेटिवाला परवाना, गोऱ्याला सूट. त्याच शतकाच्या शेवटी लढाऊ जातींचं खूळ काढून महारांची लष्करभरती बंद केली. कोरेगावला लढलेल्यांच्या नातवांना सांगितलं, तुम्ही लढाऊ नाही! रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, आपल्याच जिल्ह्यातले, स्वतः पेन्शनर लष्करी माणूस, त्यांनी याविरुद्ध अर्ज लिहिला. बंदूक काढून घेणं म्हणजे काय, ते त्यांना कळलं होतं.

अमेरिकेतही तेच. ज्यांच्यावरून आपल्या पँथरनं नाव घेतलं, ते ब्लॅक पँथर उघड बंदुका घेऊन पोलिसांवर पाळत ठेवू लागले. २ मे १९६७ ला ते सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले. त्याच वर्षी गव्हर्नर रेगननं भरलेली बंदूक उघड्यावर घेऊन फिरायला बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली. काळ्याच्या खांद्यावर बंदूक दिसल्याबरोबर परंपरा, स्वातंत्र्य, सगळं गुंडाळलं!

इकडं? लक्ष्मणपूर बाथेला १ डिसेंबर १९९७ ला रणवीर सेनेनं ५८ माणसं मारली. २०१३ मध्ये हायकोर्टानं सगळे आरोपी सोडले. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, एसआरपीनं गोळ्या घातल्या. १० मेले. ती बंदूक सरकारची, गोळ्या आपल्या कराच्या.

मग काय, आपणही बंदुका मागायच्या? काही पोरं तावातावानं हेच विचारतात. त्यांना मी आधी कायदा वाचायला सांगतो. अॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांत तिसरा नियम आहे. जिथं अत्याचाराची भीती आहे तो भाग सरकारनं हुडकायचा. गरज पडली तर तिथल्या बिगरदलित, बिगरआदिवासींचे आणि त्यांच्या नातलगांचे, नोकरांचे परवाने रद्द करून हत्यारं सरकारजमा करायची. बेकायदा हत्यारं जप्त करायची. आणि वाटलंच तर दलित-आदिवासींना परवाने द्यायचे. शस्त्र कायद्याचं कलम १४ तर म्हणतं, माणसाकडं पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. कागदावर सगळं आहे.

माझं मत स्पष्ट आहे. आपल्या प्रत्येक घरात बंदूक आली तर पहिली गोळी कुणाला लागेल, हे अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांना विचारा. बंदुकीच्या शर्यतीत पैसा, पोलीस आणि कोर्ट ज्याचं तोच जिंकतो. २० मार्च १९२७ ला महाडात आपल्या माणसांची डोकी फुटली, तेव्हा लष्करात राहून आलेली माणसं तिथं होती. मनात आणलं असतं तर महाड पेटलं असतं. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. ती भीती नव्हती. नऊ महिन्यांत त्याच महाडात मनुस्मृती जळाली. वार माणसांवर करायचा नाही, माणूस मारायला परवानगी देणाऱ्या पोथीवर करायचा, हे तिथं ठरलं.

म्हणून मागणी उलटी करा. आम्हाला बंदूक द्या म्हणू नका, त्यांची काढून घ्या म्हणा. माहितीचा अधिकार २००५ पासून हातात आहे. अलिबागच्या कलेक्टर कचेरीत अर्ज टाका. मुंबई, ठाणे, पुण्याच्या पोरांनी आपापल्या जिल्ह्यात टाका. विचारा: तिसऱ्या नियमाखाली किती भाग हुडकले? किती परवाने रद्द केले? किती हत्यारं जमा झाली? उत्तर शून्य आलं तर ते शून्य छापा आणि चौकात लावा. तेच शून्य जिनिव्हालाही पाठवा. बाहेरचा बोलला की ज्यांची अब्रू जाते, त्यांची ती घरातच कधी नव्हती.

परदेशी टीकाकारही धुतल्या तांदळाचा नाही. जगाला सगळ्यात जास्त हत्यारं विकणारा अमेरिकाच, आणि ती विकत घेणाऱ्यांत आपला अहिंसेचा देश वर्षानुवर्षं पहिल्या रांगेत. पण बोलणाऱ्याचे हात मळलेत म्हणून आपल्या अंगणातलं रक्त सुकत नाही.

अर्ज दहा रुपयांचा आहे. उद्याच टाका.

जयभीम!