उचलेगिरी, नवा कायदा आणि दुकानाची मागची खोली

काही महिन्यांपूर्वी आमच्या परिचयातील एका कुटुंबावर लाजिरवाणा प्रसंग ओढवला. घरच्या सुनेने एका मोठ्या दुकानात बाळाच्या दुधाच्या पावडरचा डबा पिशवीत टाकला आणि पैसे न देता ती बाहेर पडू लागली. दारावर ती पकडली गेली. चूक तिचीच होती व तिने ती नाकारलीही नाही. पुढे जे घडले, त्याविषयी मात्र आम्हांस लिहावेसे वाटते. तिला मागच्या खोलीत तीन तास बसवून ठेवले, तिचे छायाचित्र काढले आणि डब्याच्या किमतीच्या दसपट रक्कम घेऊन नवरा आला तेव्हाच तिला सोडले. पोलीस आले नाहीत, पैशांची पावतीही मिळाली नाही.

अशा चोरीविषयी कायदा आता काय सांगतो? १८६० च्या भारतीय दंड संहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा होती. साबणाची वडी आणि सोन्याची साखळी यांत भेद नव्हता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने तीन वर्षांची मर्यादा कायम ठेवली, पण कलम ३०३ ला एक परंतुक जोडले. चोरीचा माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. म्हणजे समाजाच्या उपयोगाचे, विनावेतन काम. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही हेच शिकलो होतो, की चोरलेले परत केल्यावाचून चोरीचा पश्चात्ताप पुरा होत नाही. कायद्याच्या पुस्तकात तो विचार पाहून आम्हांस आनंद झाला, हे कबूल करतो.

पण या सवलतीपर्यंत पोहोचण्याची वाट बिकट आहे. पाच हजारांखालील ही चोरी आता अदखलपात्र व जामीनपात्र आहे. पोलीस एन.सी. नोंदवतात, दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून त्यांना तपास करता येत नाही. तीनशे रुपयांच्या मालासाठी दुकान बंद ठेवून न्यायालयाच्या पायऱ्या कोण चढणार? किराणा दुकानदाराचा नफा तो किती! महिन्यातून चार-सहा वस्तू गेल्या तरी त्याला ते जाणवते. त्याची चीड आम्ही समजू शकतो. मग तो एकतर नुकसान गिळतो, नाहीतर मागच्या खोलीचे दार उघडतो.

त्या खोलीला कायद्याचा आधार नाही. सामान्य नागरिकाला दुसऱ्यास पकडता येते ते गुन्हा त्याच्या देखत घडला आणि तो दखलपात्र व अजामीनपात्र असला तरच; तेव्हाही सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. कोणास अन्यायाने कोंडून ठेवणे हा कलम १२७ खाली एक वर्षापर्यंत कारावासाचा गुन्हा आहे. बदनामीची भीती घालून दसपट पैसे घेणे तर खंडणीच्या जवळ जाते.

दुसरी अडचण वकीलमंडळींच्या लक्षात आली असेलच. मालमत्ता ठेवण्याच्या इमारतीतील चोरीसाठी कलम ३०५ वेगळे आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत, आणि पाच हजारांची सवलत तेथे नाही. दुकान ही अशीच इमारत, असे म्हणण्यास जागा आहे. तेव्हा त्या सुनेच्या वाट्यास झाडू येईल की तुरुंग, हे आधी पोलिसांनी लिहिलेल्या आकड्यावर अवलंबून राहील. ही संदिग्धता संसदेने दूर करावयास हवी होती. दुकानातील उचलेगिरीचा नावानिशी उल्लेख संहितेत आहे, पण तो कलम ११२ मध्ये, टोळीने केलेल्या गुन्ह्यांत. त्यास एक ते सात वर्षे शिक्षा. टोळ्यांविषयीची ही कठोरता आम्हांस योग्यच वाटते. त्या सुनेची मात्र टोळी नव्हती.

दुकानदारांच्या संघटनांनी आपल्या सभासदांना एवढे तरी सांगावे, की माल परत घ्या, तक्रार लिहून द्या, आणि माणसाला जाऊ द्या. दंडाधिकाऱ्यांसमोर अशी प्रकरणे आठवड्यातील एका ठरावीक दिवशी झटपट निकाली निघाली, तर दुकानदारही तेथे जातील. रुग्णालय, शाळा, समुद्रकिनारा, कामाला जागा कमी नाहीत.

ती सून आता वाणसामानासाठी दोन गावे ओलांडून जाते. तिचे छायाचित्र कोणाच्या मोबाइलमध्ये आहे, हे तिला ठाऊक नाही.